डंपरच्या टाकीत आणि धुरात : खाणीतल्या कार्बनचा हिशोब

एक लिटर डिझेल वजनात भरते साधारण ८४० ग्रॅम. ते इंजिनात जळाले की सुमारे २ किलो ६८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जाळले पाऊण किलोच्या थोडे वर आणि बाहेर पडले जवळपास पावणेतीन, हे कसे? उत्तर हवेत आहे. डिझेलच्या वजनात सुमारे ८६ टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे ७२० ग्रॅमच्या आसपास. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो. कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६. म्हणून १२ ग्रॅम कार्बनाचा ४४ ग्रॅम वायू होतो. ७२० ला ४४ ने गुणा, १२ ने भागा, २,६४० ग्रॅम येतात. डिझेलची घनता आणि त्यातला कार्बन मालागणिक थोडा बदलतो, त्यामुळे तक्त्यातक्त्यांत किलोच्या दोन-चार शतांशांचा फरक दिसतो. बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा आकडा २.६८ किलोचा आहे.

शाळेतल्या रसायनशास्त्राइतके हे सोपे आहे. तरीही खाणीतल्या अवजड वाहनांनी वर्षभरात नेमका किती कार्बन सोडला हे खात्रीने सांगणे अवघड जाते, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात सापडत नाही. ते डिझेलच्या टाकीत, लॉगबुकात आणि कंत्राटाच्या कागदात सापडते.

आधी आकारमान पाहू. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांतला कोळसा मुख्यतः कोल इंडियाची वेस्टर्न कोलफील्ड्स काढते. दुर्गापूर, घुग्घुस, सास्ती, माजरी, उमरेड ही नावे विदर्भात कोणालाही ठाऊक आहेत. खुल्या खाणीत कोळशाच्या थरावरची माती आणि दगड आधी हलवावा लागतो. खाणीत त्याला ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळशामागे चार घनमीटर ओबी हलवायची झाली, तर कोळशाच्या आठपट तरी वजन शॉव्हेलने भरून डंपरने वर नेऊन टाकावे लागते. म्हणजे खाण कोळशाची असली तरी तिथले डिझेल मुख्यतः दगड वाहण्यात जळते. हे काम करणारे डंपर ६० टनी, १०० टनी आणि त्याहून मोठेही असतात. जगातल्या सर्वांत मोठ्या डंपरांपैकी एक, कॅटरपिलरचा ७९७एफ, एका खेपेला ३६३ टन माल उचलतो आणि त्याचे इंजिन ४,००० अश्वशक्तीचे आहे.

कोल इंडियाने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार तिच्या खाणींत वर्षाला ४ लाख किलोलिटरहून अधिक डिझेल लागते. त्यावरचा खर्च साडेतीन हजार कोटी रुपयांच्या पुढे. अडीच हजारांहून अधिक डंपर, आणि एकूण डिझेलपैकी ६५ ते ७५ टक्के एकटे डंपरच पितात. ४ लाख किलोलिटरला २.६८ ने गुणले की साधारण १० लाख ७० हजार टन कार्बन डायऑक्साइड होतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एक टन भारतीय कोळसा वीजकेंद्रात जाळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यापुढे तो टन काढताना जळलेले डिझेल फारच थोडे. मग डंपर मोजायचे कशाला? एक कारण असे की हेच डंपर लोहखनिज, मँगनीज आणि तांब्याच्या खाणींतही चालतात. तो माल जाळायचा नसतो, त्यामुळे खाणीच्या स्वतःच्या हिशोबात डिझेल हाच मोठा वाटा ठरतो. दुसरे, दहा लाख टन हा आकडा दुसऱ्या मोठ्या आकड्याशेजारी ठेवला म्हणून कमी होत नाही. आणि तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: डिझेलची बचत खाणीच्या हातात आहे, आजच्या आज आहे, आणि नीट मोजल्याशिवाय ती झाली की नाही हे कळणार नाही.

मोजायचे म्हणजे सायलेन्सरला यंत्र लावायचे, असे आपल्याला सहज वाटते. पीयूसी केंद्रावर आपण तेच पाहिलेले असते. पण कार्बन डायऑक्साइडची गोष्ट इतर प्रदूषकांहून वेगळी आहे. काजळी किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे किती निघतील हे इंजिनाच्या तापमानावर, इंधन फवारण्याच्या वेळेवर, फिल्टरवर अवलंबून असते, त्यामुळे ती धुरातच मोजावी लागतात. कार्बनला मात्र पळायला दुसरी वाट नाही. धडधाकट डिझेल इंजिनात गेलेल्या कार्बनापैकी ९९ टक्क्यांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होऊनच बाहेर येतो. उरलेला चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेले इंधन आणि काजळी यांत जातो. कार्बन डायऑक्साइडला अडवणारा फिल्टर डंपरवर नसतो. म्हणून आत किती डिझेल गेले हे नेमके कळले की बाहेर किती वायू आला हे कळले. हवामान बदलाच्या आंतरसरकारी मंडळाची, म्हणजे आयपीसीसीची, मार्गदर्शिका याच तत्त्वावर उभी आहे: जळलेले इंधन गुणिले उत्सर्जन गुणांक.

गुणांकात चूक किती? आयपीसीसीने डिझेलसाठी एक गिगाज्यूल उष्णतेमागे ७४.१ किलो हा मधला आकडा दिला आहे आणि ७२.६ ते ७४.८ ही मर्यादा. म्हणजे चूक फार तर दोन टक्क्यांची. पण इथेच एक सापळा आहे, आणि अहवाल तयार करणारे त्यात अडकतात. इंधनाची उष्णता दोन रीतींनी मोजतात. जळताना तयार झालेल्या वाफेतली उष्णता धरली तर आकडा मोठा येतो, सोडली तर लहान. आयपीसीसीचे ७४.१ हे दुसऱ्या रीतीचे. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पद्धतीत पहिली रीत आहे: एका किलोलिटरमध्ये ३८.६ गिगाज्यूल आणि गिगाज्यूलमागे ६९.९ किलो. दोघांचेही उत्तर लिटरला २.७ किलोच्या आसपास येते. पण कोणी ऑस्ट्रेलियाचे ३८.६ घेऊन त्याला आयपीसीसीच्या ७४.१ ने गुणले, तर २.८६ येतात. एकही लिटर जास्त न जळता कागदावर सहा टक्के उत्सर्जन वाढते. दोन्ही आकडे अधिकृत, दोन्ही बरोबर, आणि गुणाकार साफ चुकीचा.

खरी अडचण मात्र गुणांकाची नाही, लिटरची आहे. खाणीत डंपर पंपावर येत नाही. बहुधा डिझेलचा टँकर, म्हणजे बाउझरच, त्याच्यापाशी जातो. नळी लावली जाते, मीटरवरचा आकडा लॉगबुकात डंपर क्रमांकापुढे लिहिला जातो, सोबत आवर मीटरचे वाचन. या एका ओळीत किती गोष्टी बिघडू शकतात ते पाहा. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. डिझेल तापले की प्रसरण पावते, एका अंशाला दर हजारी ०.८ च्या थोडे वर. १५ अंशांना २०,००० लिटर भरणारे डिझेल ४५ अंशांना जवळपास २०,५०० लिटर भरते. त्यातला कार्बन तेवढाच असतो. साधा मीटर फक्त आकारमान मोजतो, त्याला वजन कळत नाही. २०,५०० ला थेट २.६८ ने गुणले तर एका बाउझरमागे १.३ टन वायू फुकटचा मांडला जातो. उपाय ठाऊक आहे: तापमान आणि घनता नोंदवून लिटर १५ अंशांवर आणायचे. तेल कंपन्यांच्या डेपोत हे रोज होते. खाणीच्या बाउझरवर ते व्हायला हवे.

त्यात भर म्हणजे त्याच बाउझरमधून ग्रेडर, डोझर, पाणी मारणारे टँकर, जनरेटर आणि दिव्यांचे मनोरेही डिझेल घेतात. नोंद चुकीच्या यंत्रापुढे गेली की खाणीची बेरीज बरोबर राहते, पण कोणता डंपर खादाड आहे हे कळत नाही. डिझेलचोरीही सगळ्याच खाणपट्ट्यांतला जुना आजार आहे. चोरीचे डिझेल कुठेतरी जळतेच, पण डंपरच्या नावावर चढलेले ते लिटर त्याची सरासरी बिघडवते, आणि मग त्या सरासरीवर बेतलेली सुधारणाही चुकते.

मग डिझेल इंजिनापाशीच का मोजू नये? मोजतात, आणि तिथली गंमत जाणकारांनाच ठाऊक असते. डिझेल इंजिनाकडे पंप जेवढे इंधन पाठवतो तेवढे सगळे जळत नाही. बरेचसे इंधन इंजेक्टर आणि पंप थंड ठेवून, स्वतः तापून, परतीच्या नळीने टाकीत येते. म्हणून मीटर दोन लागतात, एक जाणाऱ्या नळीवर आणि एक परतीच्या. समजा तासाला ३०० लिटर गेले आणि २२० परतले, जळले ८०. प्रत्येक मीटरची चूक फक्त एक टक्का धरली तरी एकाची ३ लिटर आणि दुसऱ्याची २.२. दोन्ही चुका उलट्या दिशेने झाल्या तर ८० लिटरमागे ५.२ लिटरचा फरक, म्हणजे साडेसहा टक्के. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा केला की उरलेल्या लहान आकड्यावर सगळी चूक येऊन बसते. त्यात परतीचे डिझेल गरम, म्हणजे फुगलेले. म्हणून चांगल्या चाचणीत आकारमानाऐवजी थेट वस्तुमान मोजणारे कोरिओलिस मीटर वापरतात. ते महाग असतात, पण उष्णतेने फसत नाहीत.

आजकालच्या डंपरचे इंजिन संगणक चालवतो आणि तासाला किती लिटर जळतेय हे तोच सांगतो. हा आकडा पडद्यावर दिसतो म्हणून मोजलेला वाटतो. प्रत्यक्षात तो इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि दाब किती होता यावरून काढलेला अंदाज असतो. इंजेक्टर झिजला की अंदाज सरकतो. तरी हा आकडा मला फार मोलाचा वाटतो, कारण तो क्षणाक्षणाचा असतो. चढावर किती, उतारावर किती, शॉव्हेलपुढे रांगेत उभे असताना किती, हे लॉगबुक कधीच सांगणार नाही. महिन्याच्या बेरजेला बाउझरचा आकडा प्रमाण मानायचा, संगणकाचा आकडा त्याच्याशी ताडून दुरुस्त करायचा आणि मग त्या दुरुस्त आकड्याने फेरीफेरीचा हिशोब लावायचा. हा जोड हिशोब बहुतेक खाणींना नव्या खर्चाशिवाय करता येईल.

सायलेन्सरपाशी मोजण्याचेही शास्त्र आहे. जॉन टिंडॉल यांनी १८५९ साली लंडनमध्ये प्रयोगाने दाखवले की कार्बन डायऑक्साइड उष्णतेचे किरण शोषतो. आजचे यंत्र त्याच गुणावर चालते. धुराचा नमुना एका नळीत घेतात, एका टोकाला अवरक्त दिवा, दुसऱ्या टोकाला ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीलाच प्रतिसाद देणारा संवेदक. जितका वायू जास्त, तितका प्रकाश कमी पोचतो. पण यातून मिळते ते फक्त प्रमाण: धुरात किती टक्के. डिझेल इंजिन भरपूर जादा हवा घेते, त्यामुळे रिकामे फिरताना हे प्रमाण दोन-तीन टक्केही असू शकते आणि पूर्ण भारावर कितीतरी वाढते. प्रमाणावरून वजन काढायचे तर दर सेकंदाला धूर किती बाहेर पडला हेही मोजावे लागते. व्ही आकाराच्या मोठ्या इंजिनाला धुराच्या वाटा दोन असतात, काही डंपरांत धूर हौद्याच्या पोकळीतून फिरवतात म्हणजे ओला माल तळाला चिकटत नाही. मग मोजायचे कुठे? त्यावर कोळशाची धूळ, हादरे, उन्हाळा आणि धुरातली वाफ. वाहनावर बसवता येणाऱ्या अशा मोजणी संचांनीच वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांना फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे बिंग सापडले होते आणि २०१५ साली ते जगासमोर आले. पण तो शोध नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा होता. निव्वळ कार्बन डायऑक्साइडसाठी डंपरवर एवढा खटाटोप करण्याचे सहसा कारण नसते. टाकीचा हिशोब त्याहून अचूक येतो.

एका ठिकाणी मात्र टाकीचा हिशोब पुरत नाही. कोल इंडियाने २०२१ मध्येच गेल आणि बीईएमएल या कंपन्यांसोबत महानदी कोलफील्ड्सच्या दोन १०० टनी डंपरांवर एलएनजीचे, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचे, किट बसवण्याचा प्रयोग हाती घेतला. ३० ते ४० टक्के डिझेलची जागा नैसर्गिक वायू घेईल, अशी अपेक्षा होती. तेवढ्याच ऊर्जेसाठी नैसर्गिक वायू कमी कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे खरे. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि अशा दुहेरी इंधनाच्या इंजिनांत थोडा मिथेन न जळताच धुराबरोबर निसटू शकतो. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन सुमारे २८ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. इंधन गुणिले गुणांक या पद्धतीला हा निसटलेला मिथेन दिसतच नाही, कारण ती सगळे जळाले असे धरून चालते. मिथेन थोडाच निसटला तरी वाचवलेला कार्बन त्यात बराचसा बुडतो. म्हणून एलएनजीचा डंपर हिरवा म्हणून जाहीर करण्याआधी त्याच्या धुरात मिथेन मोजलाच पाहिजे, भरल्या चढावर आणि रिकाम्या उतारावर, दोन्हीकडे.

आता मोजलेल्या लिटरचा अर्थ लावण्याकडे वळू. १०० टनी वर्गातला भरलेला डंपर साधारण १६० टनांचा होतो. त्यात ७० टनांच्या आसपास तर त्याचेच वजन. आपल्याकडे खाणीतल्या हॉल रोडचा चढ सर्वसाधारणपणे १६ ला १ पेक्षा तीव्र ठेवत नाहीत. म्हणजे १०० मीटर वर यायला १,६०० मीटर रस्ता. १६० टन १०० मीटर उचलायला १५७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर डिझेलात ३६ मेगाज्यूल असतात आणि इंजिन, गिअर, ॲक्सल यांतून चाकापर्यंत त्यातला तिसरा भाग पोचतो असे धरू. नुसत्या उचलण्याला १३ लिटर, ३५ किलो कार्बन डायऑक्साइड. यातले जवळपास सहा लिटर डंपर स्वतःलाच वर नेण्यात घालवतो.

पण उचलणे हा सगळा खर्च नाही. टायर रस्त्यात रुततात आणि प्रत्येक फेरीत त्या खळग्यातून वर यायला डिझेल लागते. कडक, नीट दाबलेल्या रस्त्यावर हा विरोध वजनाच्या दोन-तीन टक्के असतो. टायर एक सेंटीमीटर रुतले की तो साधारण ०.६ टक्क्याने वाढतो. तीन टक्क्यांना आपल्या १,६०० मीटरसाठी सहा लिटरच्या थोडे वर लागतात. पावसाळ्यात रस्ता मऊ पडून टायर पाच सेंटीमीटर रुतले की तीनाचे सहा टक्के होतात आणि साडेबारा लिटर लागतात. एका चढामागे सहा लिटर जास्त, म्हणजे १७ किलो वायू. दिवसाला २० फेऱ्या धरल्या तर एका डंपरमागे सव्वाशे लिटर डिझेल आणि रोजचे सुमारे ३४० किलो. ग्रेडर वेळेवर फिरवणे, मुरूम टाकून रोलर चालवणे, पाण्याचा निचरा करणे या कामांना कार्बन कमी करण्याची योजना असे कोणी म्हणत नाही. पण आज चालू असलेल्या डंपरांवर यापेक्षा स्वस्त उपाय मला दिसत नाही.

यावरून हेही ध्यानात येईल की ‘टनामागे किती डिझेल’ हा लोकप्रिय आकडा फसवा आहे. खाण खोल जाते, चढ लांबतो, ओबी वाढते. चालक कितीही कुशल असले तरी टनामागचे डिझेल वाढतच जाते. उलट, वरचा सोपा थर लागला की काहीही सुधारणा न करता आकडा खाली येतो. हलवलेले वजन, कापलेले अंतर आणि चढलेली उंची यांच्यासोबत डिझेल मांडले तरच दोन वर्षांची किंवा दोन खाणींची तुलना करता येते.

विजेच्या डंपरांबद्दल उत्साह आहे आणि तो योग्यही आहे. स्वीडनमधल्या आयटिकच्या तांब्याच्या खाणीत चढावर तारा टाकून ट्रेनसारखे डंपर विजेवर चालवतात; ऑस्ट्रेलियातल्या फोर्टेस्क्यूने २०२४ मध्ये लीबहेरकडे बॅटरीच्या शेकडो यंत्रांची मागणी नोंदवली. मोजमाप इथेही सुटत नाही. वरचेच नुसते उचलण्याचे काम विजेवर करायला चार्जिंग, बॅटरी आणि मोटारीतली घट धरून ५० ते ५५ युनिट लागतील. भारताच्या ग्रिडमधून एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड येतो. गुणाकार केला तर उत्तर ३५ ते ४० किलो, म्हणजे उचलण्याला लागणाऱ्या डिझेलइतकेच. डिझेल तेलविहिरीपासून रिफायनरीतून येतानाचे उत्सर्जन यात धरलेले नाही, आणि विजेचा डंपर रिकामा उतरताना थोडी वीज परत मिळवतो, हेही विजेच्या बाजूने. खरा फरक पडतो तो वीज सूर्याची असली तर. ओबीच्या ढिगांवर सौर पॅनेल लावता येतात, आणि त्या विजेवर चालणारा डंपर ही खरी बचत.

राहिला प्रश्न कोणाच्या खात्यावर. हरितगृह वायूंच्या रूढ हिशोबात स्वतःच्या यंत्रांत जळलेले इंधन स्कोप-१ मध्ये येते आणि मालाच्या साखळीत इतरांनी जाळलेले स्कोप-३ मध्ये. आज अनेक खाणींत ओबी काढण्याचे काम आउटसोर्सिंगने जाते. टिप्पर ठेकेदाराचे, चालक त्याचे, बऱ्याचदा डिझेलही त्याचेच. मग कंपनीचे स्वतःचे उत्सर्जन ठेका दिला त्या दिवशी कागदावर उतरते. गोव्यातल्या लोहखनिजाचेही तसेच: खाणीतून जेटीपर्यंत खासगी ट्रक आणि तिथून मांडवी-जुवारीतून बार्ज, खाणीची सीमा कुठे आखली त्यावर आकडा ठरतो. धूर मात्र रस्त्याकडेच्या गावांवर तोच पसरतो.

सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून देशातल्या पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना उत्सर्जनाचे आकडे दरवर्षी जाहीर करावे लागतात. हे अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. खाणपट्ट्यात राहणाऱ्या वाचकांनी ते जरूर उघडावेत. टनांचा आकडा पाहून थांबू नये. त्यामागे किती लिटर डिझेल आहे, ते १५ अंशांवर आणले आहे का, ठेकेदाराचे डिझेल धरले आहे का आणि एकूण किती घनमीटर माल हलवला, ही चार उत्तरे शोधावीत. ती अहवालात नसतील तर जनसुनावणीत आणि कंपनीला पत्र लिहून विचारावीत. भागधारक असाल तर वार्षिक सभेत विचारा. तो तुमचा हक्क आहे.